महासत्तांच्या लष्करी खर्चाची तुलना कशी करावी

स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ साली अमेरिकेचा लष्करी खर्च ९९७ अब्ज डॉलर होता आणि चीनचा अंदाजे ३१४ अब्ज डॉलर. चीन सरकारने त्याच वर्षासाठी जाहीर केलेली तरतूद मात्र १.६७ लाख कोटी युआनची, म्हणजे सुमारे २३१ अब्ज डॉलरची होती. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकी सिनेटचे सदस्य डॅन सुलिव्हन यांनी चीनचा खरा वार्षिक खर्च ७०० अब्ज डॉलरच्या आसपास असल्याचे गुप्तचर यंत्रणांच्या अंदाजाच्या आधारे सांगितले होते. एकाच सैन्याबद्दलच्या या आकड्यांत तिपटीचे अंतर पडते, कारण प्रत्येक आकड्यामागची व्याख्या वेगळी आहे आणि युआनचे डॉलर करण्याची रीतही वेगळी आहे. अशा वेळी सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान आकडा उचलून मत बनवण्यापेक्षा तुलना स्वतः मांडून पाहणे अवघड नाही. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती विनामूल्य उपलब्ध आहे.

आधी प्रश्न निश्चित करा

तुलना कशासाठी करायची आहे हे ठरवल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये. एखादा देश स्वतःच्या अर्थव्यवस्थेवर सैन्याचा किती भार टाकतो हे पाहायचे असेल, तर खर्चाचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण पुरेसे आहे आणि तेथे चलनाच्या रूपांतराची गरजच पडत नाही. २०२४ मध्ये हे प्रमाण अमेरिकेत ३.४ टक्के, चीनमध्ये अंदाजे १.७ टक्के, रशियात ७.१ टक्के आणि युद्धाने ग्रासलेल्या युक्रेनमध्ये ३४ टक्के होते. मात्र या प्रमाणावरून कोणाचे सैन्य बलवान आहे हे कळत नाही. त्या खर्चातून किती सैनिक, किती जहाजे आणि किती सराव पदरात पडतो, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर काढण्यातच खरी मेहनत आहे. तिसरा प्रश्न अनेक वर्षांत खर्च कसा वाढला याचा असतो. त्यासाठी महागाईचा परिणाम वगळलेले, म्हणजे स्थिर किमतींतले आकडेच घ्यावे लागतात.

आकडे कोठून घ्यावेत

‘सिप्री’च्या संकेतस्थळावर १९४९ पासूनची देशवार माहिती एक्सेल फाइलच्या रूपात मिळते. तिच्यात स्थानिक चलन, चालू किमतींतले डॉलर, स्थिर किमतींतले डॉलर, सकल उत्पादनातील वाटा, दरडोई खर्च आणि एकूण सरकारी खर्चातील वाटा अशी वेगवेगळी पाने आहेत. निळ्या रंगातला आकडा हा संस्थेचा स्वतःचा अंदाज असतो आणि लाल रंगातला आकडा फारच अनिश्चित मानलेला असतो. फाइलमधून आकडा उचलताना हा रंग हमखास हरवतो, म्हणून आपल्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘अंदाज’ असे आवर्जून लिहावे. चीन आणि रशिया यांच्या बाबतीत हा शब्द वगळला, तर वाचकाची फसगत होते.

मराठी वाचकांसाठी येथेच एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. एक बिलियन म्हणजे एक अब्ज, अर्थात १०० कोटी. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. आणि एक मिलियन म्हणजे दहा लाख. घाईत भाषांतर करताना एखादे शून्य इकडेतिकडे होते आणि तो आकडा पुढे सगळीकडे तसाच फिरत राहतो. तक्ता मांडताना सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच एकक ठेवावे.

खर्चात काय धरले आहे ते तपासा

प्रत्येक देशाची अर्थसंकल्पाची मांडणी त्याच्या प्रशासकीय सोयीनुसार असते. अमेरिकेत अण्वस्त्रांची निर्मिती आणि देखभाल संरक्षण खात्याकडे नसून ऊर्जा खात्याकडे आहे. माजी सैनिकांचे आरोग्य आणि अपंगत्व भत्ते यांसाठी स्वतंत्र खाते असून त्याचा वार्षिक खर्च ३०० अब्ज डॉलरहून अधिक आहे. ‘सिप्री’ आपल्या व्याख्येनुसार तो लष्करी खर्चात धरत नाही. चीनमध्ये सशस्त्र पोलीस दल, तटरक्षक दल, सैन्यातून मुक्त झालेल्यांना दिल्या जाणाऱ्या रकमा आणि लष्करी संशोधनाचा काही भाग अधिकृत संरक्षण तरतुदीबाहेर राहतो. हे घटक मिळवल्यामुळेच ‘सिप्री’चा अंदाज जाहीर आकड्याहून बराच मोठा दिसतो.

भारताचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. तिच्यातले सुमारे १.६१ लाख कोटी, म्हणजे जवळजवळ २४ टक्के, निवृत्तिवेतनाचे होते आणि नव्या सामग्रीसह भांडवली खर्चाचे १.८० लाख कोटी. दुसरीकडे सीमा सुरक्षा दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस गृह मंत्रालयाकडे असल्याने या रकमेत येत नाहीत, पण ‘सिप्री’ त्यांचा खर्च भारताच्या लष्करी खर्चात धरते. तेव्हा एका देशाचा आकडा सरकारी कागदातून आणि दुसऱ्याचा संशोधन संस्थेकडून घेऊन शेजारी ठेवणे चुकीचे आहे. भारत आणि चीन यांच्यावरील चर्चेत ही चूक वारंवार होते. दोन्ही आकडे एकाच संस्थेचे घ्यावेत, किंवा दोन्हीकडची निमलष्करी दले आणि निवृत्तिवेतने स्वतः मिळवून अथवा वगळून एकसारखी करावीत.

वर्षाचेही भान ठेवावे लागते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, भारताचे १ एप्रिलला आणि चीनचे १ जानेवारीला. शिवाय अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन निरनिराळे आकडे असतात. मार्चमध्ये बीजिंगहून येणारी चीनच्या संरक्षण खर्चाची बातमी ही केवळ नियोजित तरतुदीची असते.

चलनाचे रूपांतर: सर्वांत नाजूक पायरी

बाजारातील विनिमय दराने केलेले रूपांतर सोपे असते, पण ते चलनाच्या चढउताराबरोबर हलते. जपानचे उदाहरण पाहा. ‘सिप्री’ने २०२१ साठी जपानचा खर्च ५४.१ अब्ज डॉलर दिला होता आणि २०२२ साठी ४६ अब्ज डॉलर. हे पाहून जपानने संरक्षणात मोठी कपात केली असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात महागाई वजा जाता त्या वर्षी खर्च ५.९ टक्क्यांनी वाढला होता. डॉलरच्या तुलनेत येन घसरल्यामुळे आकडा लहान दिसला. दोन वर्षांची तुलना स्थिर किमतींतच का करायची, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

दोन देशांची तुलना करताना अडचण वेगळी येते. बीजिंगमध्ये सैनिकाचा पगार, धान्य, बराकीचे बांधकाम आणि जहाजबांधणीची मजुरी युआनमध्ये आणि अमेरिकेपेक्षा पुष्कळ स्वस्तात भागते. म्हणून अर्थतज्ज्ञ क्रयशक्ती समतेचा दर वापरतात: एका डॉलरमध्ये अमेरिकेत जेवढे मिळते, तेवढेच चीनमध्ये घेण्यासाठी किती युआन लागतील, असा तो हिशेब. बाजारात डॉलरचा दर २०२४ मध्ये सुमारे ७.२ युआन होता; समतेचा दर ३.५ ते ४ युआनच्या दरम्यान धरला जातो.

आता हिशेब करून पाहू. ‘सिप्री’चा अंदाज युआनमध्ये साधारण २.२५ लाख कोटी होतो. त्याला ७.२ ने भागले की सुमारे ३१२ अब्ज डॉलर येतात, आणि ३.७५ ने भागले की तीच रक्कम ६०० अब्ज डॉलर होते. सातशे अब्जांचे दावे कोणत्या दिशेने येतात याचा अंदाज यावरून बांधता येतो.

परंतु ६०० हा आकडाही जसाच्या तसा स्वीकारू नये. समतेचा सर्वसाधारण दर भाजीपाला, घरभाडे आणि केशकर्तन यांच्या किमतींवरून काढलेला असतो. लढाऊ विमानाचे इंजिन किंवा क्षेपणास्त्राची मार्गदर्शन प्रणाली त्या प्रमाणात स्वस्त नसते. म्हणून खर्चाचे भाग पाडावेत. चीनच्या २०१९ च्या संरक्षण श्वेतपत्रिकेत २०१७ सालचा खर्च मनुष्यबळावर ३०.८ टक्के, प्रशिक्षण व देखभालीवर २८.१ टक्के आणि शस्त्रसामग्रीवर ४१.१ टक्के असा दिलेला आहे. हीच विभागणी आपल्या २.२५ लाख कोटी युआनना लावली आणि पहिले दोन भाग ३.७५ ने, तर शस्त्रसामग्री बाजारभावाने म्हणजे ७.२ ने भागली, तर बेरीज सुमारे ४८० अब्ज डॉलर येते. ही विभागणी जुन्या आणि अधिकृत खर्चाची आहे, ती मोठ्या अंदाजाला लावणे हे एक गृहीतक आहे, आणि चिनी बनावटीची बरीच शस्त्रे बाजारभावापेक्षा स्वस्त पडत असल्याने खरी किंमत ४८० आणि ६०० यांच्या मध्ये कोठेतरी असावी, असे माझे मत आहे. यातले प्रत्येक गृहीतक तक्त्याखाली लिहून ठेवावे.

शीतयुद्धातली शिकवण

या रीतीचे धोके नवे नाहीत. सोव्हिएत संघाचा खर्च मोजण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने वेगळा मार्ग घेतला होता: सोव्हिएत सैन्यात किती माणसे, रणगाडे आणि विमाने आहेत हे शोधायचे आणि तेवढे सगळे अमेरिकेत उभे करायला किती डॉलर लागतील हे काढायचे. तुटपुंज्या वेतनावर सक्तीने भरती केलेला सोव्हिएत जवान या हिशेबात अमेरिकी सैनिकाच्या पगाराने मोजला जाई. १९७३ मध्ये अमेरिकेत सक्तीची भरती संपली आणि सैनिकांचे पगार वाढलेले होते. त्या वाढीबरोबर मॉस्कोने एकही माणूस न वाढवता सोव्हिएत खर्चाचा डॉलरमधला आकडा फुगत गेला. टफ्ट्स विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ फ्रँकलिन होल्झमन यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. त्यांचा मुद्दा आजही तितकाच लागू पडतो: प्रतिस्पर्ध्याचा खर्च आपल्या किमतींनी मोजला की तो मोठा दिसतो, कारण त्याच्याकडे जे स्वस्त आणि मुबलक आहे त्यालाच आपण सर्वांत महाग भाव लावतो. उलट दिशेने, रशियन किमतींनी अमेरिकेचे सैन्य मोजले असते, तर तेही अवाढव्य दिसले असते.

१९७६ साली सीआयएने सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय उत्पादनातला संरक्षणाचा वाटा ६–८ टक्क्यांवरून ११–१३ टक्क्यांवर नेला. अनेकांनी याचा अर्थ धोका दुप्पट झाला असा घेतला. मोजलेल्या शस्त्रांची संख्या मात्र तीच होती. ती शस्त्रे बनवायला पूर्वी समजले होते त्यापेक्षा कितीतरी अधिक रूबल लागत होते, एवढेच नव्याने कळले होते. म्हणजे तो आकडा सोव्हिएत उद्योगाच्या अकार्यक्षमतेचा पुरावा होता. भार वाढल्याचे दिसले की बळही वाढले असे मानणे, ही चूक तेव्हा जाणत्या लोकांकडूनही झाली.

दुसऱ्या बाजूने अधिकृत आकड्यांवरही विसंबता येत नव्हते. वर्षानुवर्षे मॉस्को २० अब्ज रूबलच्या आसपासचा आकडा जाहीर करत असे. मे १९८९ मध्ये गोर्बाचेव यांनी खरा खर्च ७७.३ अब्ज रूबल असल्याचे सांगितले, तेव्हा तो जुना आकडा प्रत्यक्षापासून किती दूर होता हे उघड झाले.

खर्च आणि साठा

वार्षिक खर्च हा एका वर्षाचा प्रवाह असतो. सैन्याची ताकद मात्र कित्येक दशकांच्या खर्चातून साठलेली असते. चीनकडे ३७० हून अधिक युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत, म्हणजे संख्येने अमेरिकेपेक्षा जास्त. तरीही अमेरिकेच्या ताफ्यात ११ मोठ्या विमानवाहू नौका आहेत आणि एकूण टनभार तिचाच अधिक भरतो. शिवाय अमेरिकेचा पैसा युरोप, पश्चिम आशिया आणि प्रशांत महासागर अशा सगळीकडे वाटला जातो, तर चीनचे बहुतांश सैन्य स्वतःच्या किनाऱ्याजवळच असते. म्हणून तैवानच्या सामुद्रधुनीसंबंधीच्या प्रश्नाला एकूण खर्चाची तुलना उत्तर देऊ शकत नाही, आणि तसे उत्तर तिच्याकडून काढू नये.

निष्कर्ष लिहिताना

शेवटी एक आकडा देण्यापेक्षा पट्टा द्यावा. ‘२०२४ मध्ये चीनचा लष्करी खर्च बाजारभावाने अमेरिकेच्या सुमारे ३१ टक्के होता, स्थानिक किमतींचा विचार केल्यास तो ४८ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान येतो’ असे वाक्य लिहिले, तर वाचकाला आकडा आणि त्यामागची रीत दोन्ही कळतात. किमतींतली ही सुधारणा फक्त एकाच देशाला लावून तिसऱ्याला बाजारभावात ठेवू नये. भारत किंवा रशिया तक्त्यात असतील, तर त्यांनाही तीच फूटपट्टी लावावी. अमेरिकेपेक्षा भारत कितीतरी कमी खर्च करतो असे सांगताना बाजारभाव आणि चीनचा धोका सांगताना क्रयशक्ती, अशी सरमिसळ मोठमोठ्या लेखांतही आढळते.

आणि ‘सिप्री’ दरवर्षी एप्रिलच्या सुमारास नवे आकडे प्रसिद्ध करताना मागच्या वर्षांचे आकडेही दुरुस्त करते. त्यामुळे २०१९ चा आकडा जुन्या अहवालातून आणि २०२४ चा नव्या अहवालातून घेऊन वाढीचा टक्का काढू नये. संपूर्ण मालिका एकाच, अलीकडच्या फाइलमधून घ्यावी आणि ती फाइल कोणत्या महिन्यात उतरवून घेतली याची नोंद तक्त्याखाली करावी.