मांजराचं पोट बिघडलं की आधी त्याची वाटी बघा

आमच्या रत्नागिरीत मांजर पाळलेल्या घरात दुधात कुस्करलेली पोळी किंवा दूधभात ठरलेला. आळीत कुणाच्या मांजराला जुलाब लागले की मला हाक येते आणि मी पहिल्यांदा विचारते, "दूध घालताय का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, रोजच. आवडतं त्याला."

आवडतं हे खरं, पण ते पचवायला लागणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य पिल्लाचं अंगावरचं दूध सुटल्यावर कमी होत जातं. मग दुधातली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथे आंबते, पाणी ओढून घेते. पोट गुरगुरतं आणि घाण वासाची पातळ शी होते. थोडंसं दूध सोसणारी मांजरंही असतात. तरी पोट बिघडलेलं असताना आधी दूध बंद करा. त्याच वेळी बाकीचं खाणं बदलू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. चार-पाच दिवस त्याच्या शी-शूच्या ट्रेकडे लक्ष ठेवा. घट्ट, ओलसर, उचलली तर आकार न मोडणारी शी आली की पोट ताळ्यावर आलं.

पोळी आणि भाताचं म्हणाल तर घासभर शिजलेला भात मांजराला पचतो. पण पोट त्यानेच भरलं तर मांसाला जागा उरत नाही, आणि मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याचं आतडं आखूड, लाळेत पिष्ट फोडणारं पाचकद्रव्य नाही. शिवाय त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसमासळीतून मिळतं. टॉरिन कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. म्हणून घरात कुत्रा असेल तर त्याचंच खाणं मांजराला रोज घालू नका. कुत्र्याचं शरीर टॉरिन बहुतांशी स्वतः तयार करतं, त्यामुळे त्याच्या खाण्यात मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही.

आता मासळी, कारण आमच्याकडे खरा गोंधळ तिथेच होतो. बाजारातून आलेल्या पिशवीतली तारली तशीच कच्ची मांजरापुढे टाकायची सवय मोडा. काही कच्च्या माशांत थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. नीट शिजवलं की ते निकामी होतं. काटे काढून, बिनमिठाचा उकडलेला मासा अधूनमधून द्या. सुकट आणि खारवलेले बोंबील नकोत, त्यात मीठ फार. कालवणातला उरलेला तुकडा धुऊनही घालू नका. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रस तुकड्यात मुरलेला असतो.

रोजच्यासाठी मांजरांचं तयार खाणं घ्या, पुड्यावर ते 'संपूर्ण आहार' असल्याचं लिहिलेलं बघा. नवं खाणं एका दिवसात बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस चौथाई नवं, मग अर्धं, मग पाऊण. आठ-दहा दिवसांत पूर्ण. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. पावसाळ्यात आमच्या हवेत कोरडे दाणे उघड्या पुड्यात सादळतात, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जुलाब चालू असताना बिनतेल, बिनमीठ उकडलेली कोंबडी, हाडं काढून, थोडी-थोडी दिवसातून चार-पाच वेळा द्या. हे फक्त दोन-तीन दिवस. नुसत्या कोंबडीत कॅल्शियम पुरेसं नसतं. पोटाला आराम म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. माणसांचं लंघन मांजराला चालत नाही. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेततं.

खडा झाला असेल, म्हणजे शी कडक होऊन अडली असेल, तर पाण्याचा विचार करा. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, तहान मुळात कमी. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, डब्यातल्या ओल्या खाण्यात पाऊणशे टक्क्यांहून जास्त. आमची मनी वाटीतल्या पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून तिच्या खाण्यात मी कोमट पाणी कालवते आणि ती ते चाटून संपवते. एक चमचा उकडून कुस्करलेला लाल भोपळाही चालतो, त्यात मीठ-मसाला नको. तोंडात तेल किंवा तूप ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. केसांचे गोळे ओकणाऱ्या मांजराला रोज फणी करा, तेवढे केस पोटात जायचे वाचतात.

खाणं सुधारूनही शी पातळच राहिली, किंवा उलटीत-शीत शेवयांसारखं काही वळवळताना दिसलं, तर जंत असू शकतात. जंतांचं औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या. घरातली माणसांची गोळी तर देऊच नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

शीत रक्त, डांबरासारखी काळी शी, वारंवार उलट्या, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, पिल्लू मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा. आणि बोका ट्रेत बसून पुन्हा पुन्हा कुंथत असेल, ओरडत असेल, तर खडा झालाय असं धरून भोपळा भरवत बसू नका. लघवी झाल्याचं ट्रेत दिसतंय का ते बघा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, तेव्हा रात्र असली तरी त्याला तेव्हाच घेऊन निघा.