स्विंगच्या रियाजात हातपाय का अडखळतात? या चुका टाळा

जॅझ ड्रमवादनात राइड सिंबलवर (ड्रमसेटमधल्या मोठ्या झांजेवर) नुसत्या उजव्या हाताने स्विंगचा, म्हणजे जॅझमधल्या झुलत्या लयीचा, ठेका धरणे बहुतेक विद्यार्थ्यांना महिन्याभरात जमते. डाव्या हाताने स्नेअरवर (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर) पहिला आघात केला, की मात्र उजवा हात त्याच्याकडे ओढला जातो, ठेक्यातला लहान आघात मोठा होतो किंवा गळून पडतो आणि एवढा वेळ झुलत असलेली लय लंगडू लागते. अशा वेळी दोष डाव्या हाताला दिला जातो व त्याचाच व्यायाम वाढवला जातो. माझ्या मते ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण बिघाड उजव्या हाताच्या ठेक्यात असतो. तो अजून इतका पक्का झालेला नसतो, की लक्ष दुसरीकडे गेले तरी चालू राहील.

दोन्ही हातांचे नाते नीट दिसावे म्हणून प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून ते ‘तकिट’ असे तोंडाने म्हणावेत. राइडचा ठेका पहिल्या मात्रेला ‘त’, दुसरीला ‘त’ आणि ‘ट’, तिसरीला पुन्हा ‘त’, चौथीला ‘त’ आणि ‘ट’ असा पडतो. आता स्नेअरवर फक्त दुसऱ्या मात्रेचा ‘कि’ वाजवावा. हा आघात राइडच्या दोन आघातांच्या बरोबर मध्ये येतो आणि पुढचा ‘ट’ घाईने पडण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त असते. त्यानंतर स्नेअर ‘ट’वर न्यावा, इथे दोन्ही काड्या एकाच क्षणी पडल्या पाहिजेत, आणि ‘टर्र’ असा दुहेरी आवाज आला तर दोघांपैकी एक हात मागे राहिला असे समजावे. एका वेळी एकच जागा घ्यावी, ती संथ लयीत सलग चार-पाच मिनिटे वाजवावी आणि या काळात कान मुद्दाम राइडवर ठेवावा. तबल्याच्या साथीत भराव कितीही सुंदर असला तरी ठेका हलला, की गायकाचे लक्ष उडते. स्नेअरवरच्या बोलण्याचे राइडशी नाते तसेच आहे.

‘हातापायांचे स्वातंत्र्य’ या शब्दामुळेही गैरसमज होतो. चार अवयव चार वेगळ्या माणसांसारखे चालवायचे आहेत असे समजून विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात चारही थर एकावर एक रचतो. जॅझ ड्रमवादक एल्विन जोन्स यांचे वादन लक्ष देऊन ऐकले तर तिहेरी आघातांची एकच ओळ हातापायांत वाटून घेतलेली ऐकू येते. ते अवयव एकमेकांपासून सुटलेले नसून एकमेकांना पुरे पडत असतात.

बास ड्रम (पायाने पेडल दाबून वाजवायचा मोठा ड्रम) जोरात वाजवणे ही चूक रॉकमधून आलेल्या वादकांत हमखास दिसते. स्विंगच्या जुन्या वाद्यवृंदांत बास ड्रम चारही मात्रांना वाजत असे. १९४०च्या सुमारास ड्रमवादक केनी क्लार्क यांनी लय धरण्याचे मुख्य काम राइडकडे नेले आणि बास ड्रम अधूनमधून ठोसे देण्यासाठी मोकळा केला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये त्या काळात बीबॉप हे जे नवे जॅझ संगीत आकाराला आले, त्याचा हा पाया होता. तरीही चारही मात्रांना बास ड्रम अगदी हलका, ऐकू येण्यापेक्षा जाणवावा इतकाच, वाजवण्याची पद्धत टिकून राहिली. त्यासाठी टाच पेडलवर टेकवून मुसळी (पेडलचा ठोका देणारा दांडा) चामड्यापासून थोडीच दूर ठेवावी आणि आघातानंतर ती चामड्यात दाबून न धरता लगेच सोडावी. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याचा खालचा स्वर झाकला गेला, तर पाय जड पडतो आहे असे निश्चित समजावे.

हाय-हॅट (डाव्या पायाने मिटायची झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला बंद होतो, हे सर्वांना ठाऊक असते. मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मात्र बहुतेक जण चारही मात्रांना लावतात आणि मग लय सांभाळण्याचे काम यंत्र करते, वादक करत नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीसाठी मेट्रोनोम ६० वर ठेवून त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा आहे असे मानून वाजवावे. सुरुवातीला तो नकळत पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर सरकतो. तसे झाल्यास काड्या खाली ठेवून टाळीने मात्रा पुन्हा बसवावी; वाजवता वाजवता सावरू नये, कारण त्याने चुकीचीच सवय घट्ट होते.

तिहेरी विभागणी कायमचा नियम मानणे हीही चूकच आहे. संथ लयीत ‘ट’ उशिरा येऊन पुढच्या मात्रेला अगदी चिकटतो, तर लय फार जलद झाली, की आघातांमधले अंतर जवळजवळ समान होते. २५० च्या पुढेही तकिटचा हट्ट धरला, तर मनगट आखडते आणि ठेका घोड्याच्या टापांसारखा उड्या मारू लागतो. मुख्य चार मात्रांना वजन देऊन लहान आघात काडीच्या स्वाभाविक उसळीतून येऊ द्यावा. जॅझ ड्रमवादक जिमी कॉब यांच्या राइडमध्ये हे चार आघात किती ठाम, पुढे नेणारे आहेत, ते ऐकण्यासारखे आहे. शेजाऱ्यांच्या विचाराने रबरी पॅडवर रियाज करावा लागत असेल, तर ही उसळी तिथे वेगळी मिळते हे लक्षात ठेवून आठवड्यातून एकदा तरी खऱ्या सिंबलवर बसावे.

वादनाचे ध्वनिमुद्रण फोन ड्रमपासून दूर, खोलीच्या दाराजवळ ठेवून करावे आणि ऐकताना पहिल्यांदा फक्त राइडचा पाठलाग करावा. स्नेअर सुरू होण्यापूर्वीच्या आठ मात्रा आणि नंतरच्या आठ मात्रा लागोपाठ ऐकल्या, की उजवा हात नेमका कोणत्या मात्रेला वाकतो हे कळते. दुसऱ्या दिवशीचा रियाज त्याच मात्रेपासून सुरू करावा.