संघटित कॅम्पेनमध्ये पात्रांच्या वंशांवर मर्यादा कशी घालावी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळात पात्रांचे कोणते वंश (एल्फ, ड्वार्फ, ऑर्क वगैरे) घरच्या टेबलावर चालतील हे डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, आणि चार-पाच खेळाडू आपापसांत ठरवतात, आणि निर्णय फसला तर पुढच्या बैठकीत तो बदलताही येतो. संघटित कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक ठिकाणी एकाच नियमांनी चालणाऱ्या खेळमालिकेत, ही सोय नसते. डंजन्स अँड ड्रॅगन्सची अ‍ॅडव्हेंचरर्स लीग किंवा पाथफाइंडर या तशाच खेळाची पाथफाइंडर सोसायटी यांसारख्या उपक्रमांत खेळाडू आपले पात्र घेऊन आज एका दुकानातल्या टेबलावर बसतो, पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या संमेलनात बसतो, आणि दोन्हीकडचे डंजन मास्टर त्याला ओळखत नसतात. पात्र असे हिंडते असल्यामुळे नियमही एकदाच लिहिलेला, सगळीकडे सारखा लागू होणारा आणि टेबलावर वाद न घालता वाचून दाखवता येणारा लागतो.

म्हणून वंशांची यादी करण्याआधी प्रत्येक निर्बंधापुढे एका वाक्यात कारण लिहून काढावे. कारणे साधारणपणे दोनच प्रकारची निघतात. पहिला प्रकार कथाविश्वाचा. ड्रॅगनलान्सच्या क्रिन या जगात ऑर्कच नाहीत, तेव्हा तिथल्या कॅम्पेनमध्ये ऑर्क पात्र नाकारण्यासाठी आणखी काही सांगावे लागत नाही. दुसरा प्रकार खेळाच्या गणिताचा, म्हणजे एखाद्या वंशाच्या ताकदीमुळे खेळाचा तोल बिघडण्याचा. ज्या निर्बंधाला या दोहोंपैकी एकही कारण सापडत नाही, तो बहुधा आयोजकाच्या वैयक्तिक नावडीतून आलेला असतो आणि तो यादीतून काढलेलाच बरा.

गणिताचा प्रश्न उडण्याच्या बाबतीत सर्वांत ठळकपणे दिसतो. २०१५ मध्ये खेळाडूंसाठी आलेल्या आराकोक्रा या पक्षीमानवांना पहिल्याच लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीला) पन्नास फुटांचा उडण्याचा वेग मिळतो. मध्यम किंवा जड चिलखत अंगावर नसावे, एवढीच अट. आता पहिल्या लेव्हलसाठी लिहिलेली चार तासांची एखादी साहसकथा डोळ्यांसमोर आणा. वाटेत खोल दरी आहे, तिच्यावर कुजलेला दोरखंडी पूल आहे आणि पलीकडे धनुष्य घेतलेले गॉब्लिन दबा धरून बसले आहेत. लेखकाने या प्रसंगासाठी पाऊण तास धरलेला असतो: कोण आधी जाणार, दोर कुठे बांधायचा, चिलखत घातलेल्याचा पाय निसटला तर काय. आराकोक्रा एका फेरीत दोर घेऊन पलीकडे पोहोचतो आणि पाऊण तासाचा प्रसंग पाच मिनिटांत संपतो. घरचा डंजन मास्टर दरीऐवजी बुजलेले भुयार ठेवील. संमेलनातल्या डंजन मास्टरला मात्र छापील साहसकथा जशीच्या तशी चालवायची असते. अ‍ॅडव्हेंचरर्स लीगने पहिल्या लेव्हलपासून उडणारे वंश बंद ठेवले, त्यामागे हाच हिशेब होता.

पण निर्बंध लिहिताना वंशाचे नाव घालू नये, गुणधर्म लिहावा. ‘आराकोक्रा चालणार नाही’ असे लिहिले की पुढच्या पुस्तकात आणखी एखादा पंखवाला वंश येतो आणि यादी पुन्हा शिवत बसावी लागते. ‘पाचव्या लेव्हलपूर्वी वंशामुळे मिळणारे कायमचे उड्डाण चालणार नाही’ असे लिहिले तर नवे पुस्तक आले तरी नियम टिकतो. पाचवी लेव्हल मनाला येईल तशी निवडलेली नाही. विझार्डला फ्लाय हा मंत्र त्याच लेव्हलला मिळतो, त्यामुळे तिथून पुढच्या साहसकथांत उडणारे पात्र गृहीत धरता येते. ‘कायमचे’ हा शब्दही गाळू नये. प्रोटेक्टर आसिमार या देवदूतांचा अंश असलेल्या वंशाला तिसऱ्या लेव्हलपासून पंख फुटतात, परंतु दीर्घ विश्रांतीगणिक एकदाच आणि एका मिनिटापुरते, आणि तेवढ्याने कोणतीही दरी निरर्थक होत नाही. २०१६ च्या युआन-टी प्युअरब्लड या सर्पमानवांना विषाची बाधा होत नाही आणि मंत्रांविरुद्धच्या बचावफेकीत, म्हणजे मंत्राचा परिणाम टाळण्यासाठीच्या फाशात, फायदा मिळतो. तिथेही हीच पद्धत वापरून गुणधर्माचे नाव घ्यावे.

मूळ यादी ठरवताना मुख्य नियमपुस्तक आधाराला घेणे सोपे पडते, मात्र पुस्तकाचे वर्ष लिहायला विसरू नये. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात नऊ वंश होते. २०२४ च्या आवृत्तीत दहा आहेत, पण त्यात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क स्वतंत्रपणे नाहीत, तर आसिमार, गोलायथ आणि ऑर्क नव्याने आले आहेत. ‘मुख्य पुस्तकातले सर्व वंश’ एवढेच लिहिलेल्या नियमाचा अर्थ त्यामुळे एका रात्रीत बदलतो. मुख्य पुस्तकाबाहेरच्या पर्यायांसाठी अ‍ॅडव्हेंचरर्स लीगमध्ये बरीच वर्षे एक साधा नियम होता: प्लेयर्स हँडबुक आणि त्याशिवाय आणखी एकच पुस्तक. त्यामुळे तीन पुस्तकांतले तुकडे जोडून बनवलेली पात्रे आपोआप टळत, आणि अनोळखी पात्र तपासताना डंजन मास्टरला फार तर दोन पुस्तके उघडावी लागत. लहान कॅम्पेनसाठी मला आजही हाच नियम सर्वांत शहाणा वाटतो.

दुष्ट समजल्या जाणाऱ्या वंशांची भीती वाटून ड्राउ (भूमिगत एल्फ) किंवा टीफ्लिंग (सैतानी अंशाचे मानव) बंद करण्याचा मोह अनेक आयोजकांना होतो. टेबलावरचा त्रास वंशामुळे होत नाही, वागणुकीमुळे होतो. सोबत्यांच्या पाठीत सुरा खुपसणारा हाफलिंगही पुष्कळांनी पाहिला असेल. अ‍ॅडव्हेंचरर्स लीगच्या सुरुवातीच्या नियमांत वंशाऐवजी नैतिक कल बांधलेला होता: केऑटिक ईव्हिल (बेबंद दुष्ट) आणि न्यूट्रल ईव्हिल (तटस्थ दुष्ट) पात्रे बंद, आणि लॉफुल ईव्हिल (शिस्तीतले दुष्ट) फक्त लॉर्ड्स अलायन्स व झेंटारिम या कथाविश्वातल्या दोन गटांच्या सदस्यांना. औषध दुखण्याच्या जागी लावायचे ते असे.

दुर्मिळ वंश पूर्ण बंद न करता कमावून मिळतील अशी व्यवस्थाही करता येते. पाथफाइंडर सोसायटीच्या पहिल्या आवृत्तीच्या काळात अशी परवानगी बहुधा संमेलनांत बून, म्हणजे खास सवलत, म्हणून मिळे, आणि ज्याला प्रवास परवडत नाही त्याच्या वाट्याला ती क्वचितच येई. २०१९ मध्ये नवी आवृत्ती आल्यानंतर तिथे खेळून आणि खेळ चालवून गुण साठवण्याची पद्धत आली. ते गुण खर्चून वेगळ्या वंशाची परवानगी घेता येते. तुमच्या कॅम्पेनमध्ये ही गुणांचीच पद्धत ठेवावी, आणि जमल्यास टेबल चालवणाऱ्यांना जास्त गुण द्यावेत, कारण टंचाई नेहमी त्यांचीच असते.

एक जुना उपाय मात्र उचलू नये. १९७४ च्या मूळ खेळात ड्वार्फ सहाव्या आणि हाफलिंग चौथ्या लेव्हलपुढे जाऊ शकत नसे, म्हणजे सुरुवातीच्या फायद्याची किंमत नंतर वसूल होई. २००० मधल्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली. संघटित खेळात तर ती दुप्पट निरुपयोगी आहे, कारण कित्येक पात्रे त्या लेव्हलपर्यंत पोहोचतच नाहीत. फायदा आज उपभोगला जातो आणि दंड कधी येतच नाही.

यादी बदलण्याची वेळ येतेच. पाथफाइंडर सोसायटीने ऑगस्ट २०१४ मध्ये आसिमार आणि टीफ्लिंग सर्वांसाठी खुले ठेवणे थांबवले, तेव्हा ज्या पात्रांनी त्या तारखेपर्यंत निदान एक अनुभवगुण कमावला होता ती पुढे चालू राहिली. ही सवलत न्याय्य होती, पण तिच्यामुळे मुदतीआधी एकेक डाव खेळून पात्रे राखून ठेवण्याची सोयही झाली. तुम्हाला ते नको असेल तर ‘प्रत्येक खेळाडूचे एकच जुने पात्र’ अशी मर्यादा त्याच घोषणेत घालावी. चालू पात्र मध्येच रद्द करणे मात्र टाळावे. ज्याने वर्षभर एक पात्र वाढवले आहे त्याला ते मोडायला सांगणे म्हणजे त्याला कॅम्पेन सोडायला सांगणेच होय.

आणि इतके करूनही कोणीतरी नियमात न बसणारे पात्र घेऊन टेबलावर येईलच. त्या वेळी डंजन मास्टरने अपवाद करू नये, कारण पुढच्या टेबलावरच्या डंजन मास्टरला तो निस्तरावा लागतो. पण खेळाडूला परतही पाठवू नये. प्रत्येक टेबलावर चार-सहा तयार पात्रे छापून ठेवावीत, त्यांतले एक त्याला खेळू द्यावे, आणि त्या डावाचे बक्षीस तो पुढे बनवील त्या नियमात बसणाऱ्या पात्राच्या नावे नोंदवावे.