काळं चकचकीत विमान बर्फावरून उडवायचं असेल तर

क्रेग थॉमसच्या १९७७ सालच्या कादंबरीवर क्लिंट ईस्टवुडनं १९८२ साली 'फायरफॉक्स' काढला. रशियात शिरून लढाऊ विमान पळवून आणायची गोष्ट. त्यातलं विमान गडद, चकचकीत, आणि उडतं पांढऱ्या बर्फावरून. एरवी मॉडेल निळ्या पडद्यापुढे टिपून नंतर निळ्याच्या जागी दुसरं दृश्य बसवतात, पण असं चकचकीत मॉडेल तिथे ठेवलं की पडद्याचा रंग पंखांवर उतरतो आणि पडदा काढताना पंखांनाही भोकं पडतात. म्हणून स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या जॉन डायक्स्ट्राच्या चमूनं निळा पडदाच काढून टाकला. मॉडेलवर अतिनील प्रकाशात चमकणारा पारदर्शक लेप दिला आणि यंत्रानं कॅमेरा तसाच्या तसा दोनदा फिरवला: एकदा साध्या दिव्यांत विमानाचं रूप टिपायला, एकदा अतिनील दिव्यांत नुसता आकार टिपायला.

रूप वेगळं टिपायचं, आकार वेगळा. हे दहा बाय बाराच्या खोलीतही जमतं, आणि लेपाऐवजी मागून प्रकाश दिला तरी चालतं.

विमान फूटभर लांब पुरे. सनबोर्डचं करा किंवा प्लास्टिकचं किट घ्या. थर्माकोल नको, स्प्रेनं विरघळतो. पुटी, मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, आणि चकचकीत काळ्या स्प्रेचे तीन पातळ हात, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. जाड हात दिला तर ओघळ येतात. इंदूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकरवर दुधाळ पांढरट झाक येते, तेव्हा कोरडा दिवस बघूनच रंगवा.

मॉडेलमागे चार फुटांवर तीन बाय तीन फुटांची चौकट, तिच्यावर बटर पेपर आणि पाठीमागे डिमर लावलेल्या एलईडी पट्ट्या (जेल रोडवर मिळतात). उरलेल्या भिंती आणि फरशी काळ्या मखमलीनं झाका. कापड एम. टी. क्लॉथ मार्केटमधून आणा, पण घेताना मोबाईलचा टॉर्च मारून बघा. चमकलं तर ते कामाचं नाही.

विमान सळईवर बसवा. सळई कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूनं आत घाला, नाहीतर आकाराच्या फोटोत तीही उमटते. सळईखाली कोनमापक चिकटवा.

आता दिवे. चकचकीत काळं दिसतं ते त्यात पडलेल्या प्रतिबिंबामुळेच. सरळ दिवा मारला तर एक टोचणारा ठिपका दिसतो, बाकी सगळा अंधार. त्यापेक्षा विमानावर दीड फुटावर थर्माकोलची पांढरी शीट आडवी टांगा आणि दिवा तिच्यावर मारा. नाकापासून शेपटीपर्यंत एक लांब पांढरी रेघ उमटते आणि धड एकदम धातूचं वाटायला लागतं. शीट बोटभर जरी सरकवली तरी रेघ जागा बदलते. या कामाला अर्धा तास खुशाल द्या; शॉटचा सगळा जीव इथे आहे. पुढचा प्रकाश बटर पेपरवर सांडू देऊ नका, नाहीतर कडांना पांढरी किनार येते.

कॅमेरा म्हणजे फोनच; त्यात फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. प्रत्येक स्थितीत दोन फोटो: पुढचा दिवा चालू, मागचा बंद, मग उलट. मधे फोनला हात लावायचा नाही, शटर ब्लूटूथनं. आकाराच्या फोटोत कागद पुरता पांढरा येत नसेल तर डिमर वाढवा, कॅमेऱ्याला छेडू नका. मग विमान एक अंश वळवा. सेकंदाला १२ चित्रं धरली तर चार सेकंदांच्या शॉटला ४८ स्थिती, ९६ फोटो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सहा स्थितींत अर्धाच अंश, म्हणजे वळण झटक्यानं सुरू होत नाही. पंखा बंदच. धूळ मऊ ब्रशनं शूटच्या आधी झटका, मधे नाही.

संगणकावर आकाराच्या फोटोंचा कॉन्ट्रास्ट ताणून निव्वळ काळं-पांढरं करा, उलटवा आणि रूपाच्या फोटोंना मॅट म्हणून लावा, म्हणजे मुखवट्यासारखं: पांढऱ्या भागातलं विमान तेवढं राहतं, बाकीच्या जागी बर्फाचं चित्र दिसतं. पंखांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर मागचा प्रकाश चकचकीत कडेवर परावर्तित झालाय: चौकट कॅमेऱ्यात दिसते तेवढीच उघडी ठेवून बाकीची काळ्या कागदानं झाका आणि शॉट पुन्हा घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ते नीट भरून निघत नाही. कडेला पांढरी किनार राहिली असेल तर मात्र मॅट एक पिक्सेल आत घेतला की भागतं.

विमान जमिनीलगत उडत असेल तर बर्फावर सावली हवीच. त्याच मॅटची प्रत चपटी करा, धूसर करा, चाळीस टक्क्यांवर आणा आणि थर्माकोलच्या शीटवरचा दिवा ज्या बाजूला होता त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा.