काउंटी कौन्सिलचा निकाल कसा वाचायचा: आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

तुम्ही इथे क्रिटिकल स्किल्स परमिटवर (नोकरीच्या परवान्यावर) आला असाल, शिकायला आला असाल किंवा नवऱ्याबरोबर-बायकोबरोबर डिपेंडंट म्हणून आला असाल. वयाची १८ वर्षं पूर्ण आहेत आणि राहता इथेच, एवढं असलं की काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, निवडणुकीत तुम्हाला मत आहे. पासपोर्ट भारताचा असला तरीही. मतच काय, उमेदवार म्हणून उभंही राहता येतं. आपली बरीच मंडळी यावर "काहीतरीच काय" म्हणतात आणि नागरिकत्व मिळेपर्यंत यादीत नावच घालत नाहीत. तोवर एक अख्खी निवडणूक हातची जाते, कारण ती पाच वर्षांतून एकदाच येते. मागची ७ जून २०२४ ला झाली, पुढची २०२९ मध्ये.

कौन्सिलकडे काय असतं ते आधी बघून घ्या, नाहीतर गाऱ्हाणं भलत्याच दारात जातं. फुटपाथ, रस्त्यावरचे दिवे, बागा, लायब्ररी, बांधकामाची परवानगी, कौन्सिलच्या घरांची प्रतीक्षायादी हे त्यांचं. घरपट्टीसारखा जो लोकल प्रॉपर्टी टॅक्स आहे, त्याचा मूळ दर काउन्सिलर मंडळी, म्हणजे इथले नगरसेवक, खाली-वर करू शकतात. पोलिस, दवाखाने, आयआरपी कार्ड (परदेशी लोकांचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड) आणि शाळेचा प्रवेश मात्र त्यांच्या हातात नाही. कचरासुद्धा बहुतेक ठिकाणी खासगी कंपन्या उचलतात. रोजचा कारभार बहुतेक ठिकाणी पगारी चीफ एक्झिक्युटिव्ह बघतो, म्हणजे आपल्याकडच्या आयुक्तासारखाच. पण विकास आराखडा मंजूर करतात ते निवडून आलेले लोक. तुमच्या इस्टेटीशेजारच्या (इस्टेट म्हणजे इथली घरांची वसाहत) रिकाम्या शेतात पुढे काय उभं राहणार, याची पहिली रेघ तिथे ओढली जाते.

आता निकाल. देशभरात ३१ स्थानिक संस्था, मिळून ९४९ जागा. २०२४ मध्ये तीन मोठ्या पक्षांपैकी फिअना फॉलला २४८, फिन गेलला २४५ आणि शिन फेनला १०२. त्याआधी दोन वर्षं जनमत चाचण्यांत शिन फेन सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून त्याचा एवढा कमी आकडा तेव्हा फार गाजला. अपक्ष तर १८० च्या वर. आपल्याकडे अपक्ष म्हटलं की बंडखोर डोळ्यांसमोर येतो. इथे गावाकडच्या भागात अपक्षाचं घराणंच असतं, आणि त्याला पाडणं पक्षांना जड जातं.

पण हे आकडे वर्तमानपत्रासाठी. तुमच्या कामाचा आहे तो तुमच्या प्रभागाचा तक्ता, आणि तो पहिल्यांदा बघताना डोकं गरगरतं. एका प्रभागातून साधारण पाच, सहा किंवा सात जण निवडून येतात. पुण्यात चार जणांच्या प्रभागात चार वेळा बटण दाबलं असेल, तर ते विसरा. इथे कागद एकच, मत एकच, आणि त्यावर १, २, ३ असे पसंतीचे आकडे पेन्सिलीने लिहायचे. पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हे लगेच कळेल. विधान परिषदेच्या निकालाच्या रात्री टीव्हीवर "पहिल्या पसंतीची मतं" आणि "कोटा" हे शब्द ऐकले असतील, तेच गणित.

समजा पाच जागा आहेत आणि १२,००० वैध मतं पडली. जागांत एक मिळवा, सहा झाले. मतांना सहाने भागा, वर एक घाला. कोटा २,००१. ज्याला त्याहून जास्त मिळाली त्याची वरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच कोटा गाठत नसेल तर सगळ्यात खालचा बाद होतो आणि त्याचे कागद वाटले जातात. अशा फेऱ्या दहा-बारा सहज होतात. तक्त्यात पहिला रकाना बघून "हा सातवा आहे, म्हणजे पडला" असं ठरवू नका. सातव्यावरून पाचवा होणारे असतात, आणि पहिल्या फेरीत ऐटीत बसलेले शेवटी घरी जातात. ज्याचं कोणाशी पटत नाही, त्याला ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्यांकडून वळलेली मतं, येत नाहीत. म्हणून तर उमेदवार दारात आला आणि तुम्ही दुसऱ्याला मत देणार म्हणालात, तर तो न चिडता दुसरी पसंती मागतो. द्यायला हरकत नाही. खालची पसंती वरच्या उमेदवाराचं काहीही नुकसान करत नाही.

हे सगळं हाताने मोजतात. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मतदान यंत्रं वापरून बघितली, पाच कोटींहून जास्त युरो त्यात घातले, लोकांचा विश्वास बसला नाही आणि २०१२ मध्ये ती भंगारात काढली. ईव्हीएमवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना हा किस्सा जरूर सांगा.

मोजणीच्या हॉलमध्ये मला सगळ्यात बघण्यासारखे वाटतात ते टॅलीमन. पेटी टेबलावर रिकामी होते, कर्मचारी एकेक कागद उलगडून सरळ करतात, आणि कठड्याच्या अलीकडून सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते माना लांब करून, हातातल्या क्लिपबोर्डवर कोणाला "१" पडला त्याच्या उभ्या रेघा मारत असतात. एरवी एकमेकांचे वैरी, पण आकडे इथे वाटून घेतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी त्यांना चित्र कळलेलं असतं. आणि पेटी म्हणजे ठरावीक रस्ते, ठरावीक इस्टेटी. तुम्ही कोणाला मत दिलंत ते कोणालाच कळत नाही, पण तुमच्या इस्टेटीच्या पेटीत किती कागद निघाले ते सगळ्यांना कळतं. देशभर मतदान निम्म्याच्या आसपास. नव्या इस्टेटी, जिथे आपली माणसं जास्त, तिथल्या पेट्या हलक्या निघाल्या की पुढची पाच वर्षं तिथे कोण कशाला फिरकेल?

आपल्याला इथे वाव नाही असंही नाही. लिओ वराडकरांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ १९९९ मध्ये स्थानिक निवडणुकीत पडले, २००३ मध्ये डब्लिनच्या उत्तरेकडच्या फिंगल कौन्सिलवर कोऑप्ट झाले (म्हणजे रिकाम्या जागी निवडणुकीशिवाय नेमले गेले), २००४ मध्ये पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं घेऊन आले आणि २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. अर्थात त्यांचा जन्म डब्लिनचा. केरळहून आलेले बेबी पेरेप्पाडन यांची वाट मात्र तुमच्या-आमच्यासारखी. ते टाला भागातून निवडून आले आणि २०२४ मध्ये साउथ डब्लिनचे महापौर झाले. मल्याळी लोक ढोल वाजवून थांबत नाहीत, यादीत नावंही घालतात.

नाव घालायला 'चेक द रजिस्टर' ही सरकारी वेबसाइट आहे. पीपीएस नंबर (आपल्या आधारसारखा सरकारी क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (घराचा पिनकोड) हाताशी ठेवा. भाड्याचं घर बदललं की पत्ता बदला. भारतीय पासपोर्टवर तुमच्या नावापुढे "एल" लागेल, म्हणजे फक्त स्थानिक निवडणूक. २०२४ ला त्याच दिवशी युरोपियन संसदेचंही मतदान होतं आणि केंद्रावर शेजाऱ्याला कागद जास्त, आपल्याला कमी, यावरून बऱ्याच जणांचा गोंधळ उडाला. पुढे नागरिकत्व मिळालं तरी तो "एल" आपोआप जात नाही, तो अर्ज करून काढून घ्यावा लागतो.

आणि २०२४ च्या निकालात दिसलेला माणूस आज तुमचा काउन्सिलर असेलच असं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये बरेच जण डॉलमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, निवडून गेले. दोन्हीकडे बसता येत नाही आणि इथे पोटनिवडणूक होत नाही; रिकाम्या जागी कोऑप्ट केलेला माणूस येतो. तेव्हा ईमेल पाठवण्याआधी कौन्सिलच्या वेबसाइटवर आजची नावं बघा, आणि एकाला नको, प्रभागातल्या सगळ्यांना पाठवा.