गॅस ग्रिलची साफसफाई: जाळी राहू द्या, आधी खाली बघा

हिवाळाभर कव्हरखाली पडून राहिलेलं ग्रिल मेमोरियल डेच्या आधी उघडलं, की न्यू जर्सी काय आणि शिकागो काय, बहुतेक घरी फक्त जाळी घासली जाते आणि लगेच कणसं चढतात. खरं तर जाळीची काळजी सगळ्यात कमी करावी. ती दर वेळी चांगली तापते. भडका उडतो तो खाली साचलेल्या चरबीने आणि तुंबलेल्या बर्नरने. त्यात आपली भरताची वांगीही ग्रिलवरच जातात, कारण घरात भाजली की स्मोक अलार्म बोंबलतो. वांग्याचं पाणी, चिकनचं दही, पनीरला चोपडलेलं तेल, सगळं टपटप खाली. ग्रिलमुळे लागणाऱ्या आगी अमेरिकेत जुलै महिन्यात सर्वाधिक असतात, त्यामुळे हे काम मे महिन्यातच उरकावं.

सामान घरातलंच: भांड्यांचा लिक्विड साबण, गरम पाणी, जुने फडके, नायलॉनची घासणी, प्लास्टिकची खरवडणी. बर्नरच्या नळीसाठी लांब, लवचिक ब्रश मात्र विकत आणा. तारांचा ब्रश नको. त्याची तुटलेली तार जाळीला चिकटते आणि खाण्याबरोबर पोटात जाते. ऱ्होड आयलंडमधल्या अशा रुग्णांची माहिती सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०१२ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यांतल्या काहींच्या आतड्याला भोक पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली.

१. खालचा ट्रे आधी ओढून बघा. तो किंवा ग्रिलचा तळ चरबीने भरलेला असेल तर ग्रिल पेटवूच नका, आधी ते रिकामं करा. तसं नसेल तर झाकण उघडं ठेवून पेटवा, मग झाकण लावून पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर तापवा, म्हणजे जाळीवरचा चिकटा जळून कोरडा होतो. बर्नर बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि जाळी कोमट झाली की घासा. अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवला तरी बरंच निघतं. जाळी बिडाची असेल तर धुऊन लगेच पुसा आणि तेलाचा हात फिरवा, नाहीतर उद्या गंज.

२. पुढचं सगळं ग्रिल पूर्ण गार झाल्यावर. टाकी काढून बाजूला ठेवा. जाळी, तिच्याखालच्या धातूच्या पट्ट्या बाहेर काढा आणि तळातला काळा थर खरवडून ट्रेमध्ये लोटा. हे सगळ्यात घाणेरडं काम, पण करायचं तेच. झाकणाच्या आतून पापुद्रे सुटताना दिसले तर रंग उडाला म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा ती धुराची आणि चरबीची काजळी असते. खरवडून, साबणाच्या पाण्याने पुसून टाका. तळाला फॉइल अंथरायची आयडिया सोपी वाटते, पण चरबी वाहून जायची वाट बंद होते आणि ती तिथेच साचते.

३. आता बर्नर. ज्योत निळी आणि सारखी हवी. पिवळी, लुकलुकती, किंवा मध्येच तुटलेली असेल तर भोकं बुजलीत किंवा नळीत कोळ्याने घर केलंय. ही थट्टा नाही. लहान कोळ्यांना या अरुंद नळ्या आवडतात, आणि जाळ्याने वाट अडली की गॅस मागे फिरून बटणांच्या मागे पेटतो. बर्नर सोडवून घ्या, नळीच्या तोंडातून ब्रश आत-बाहेर करा. वरची भोकं आडवी घासा, लांबीच्या दिशेने नको; नाहीतर एका भोकातली घाण पुढच्या भोकात जाते. बुजलेलं भोक सरळ केलेल्या पेपर क्लिपने मोकळं करा, पण मोठं करू नका. टूथपिक आत मोडते, ती वापरू नका. परत बसवताना बर्नरचं तोंड व्हॉल्व्हच्या नोझलवर नीट बसलंय ना, हे वाकून डोळ्याने बघा. पत्रा गंजून बर्नरला चीर गेली असेल तर घासत बसू नका, नवा घ्या.

४. टाकी जोडल्यावर गळतीची चाचणी. अर्धा साबण, अर्धं पाणी. बर्नरची बटणं बंद ठेवून टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आणि रबरी नळी, रेग्युलेटर, सगळे सांधे या पाण्याने भिजवा. बुडबुडे फुगत गेले तर व्हॉल्व्ह बंद करा, सांधा आवळून पुन्हा तपासा. तरी येत असतील तर तो भाग बदला. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

सगळं स्वच्छ करूनही आच मंद येत असेल तर अनेकदा दोष बर्नरचा नसतो. टाकी झटकन उघडली की रेग्युलेटरला गळती झाल्यासारखं वाटतं आणि तो गॅस रोखून धरतो. सगळं बंद करा, नळी टाकीपासून सोडवा, दोन-तीन मिनिटं थांबा, परत जोडा आणि व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. पेटवताना झाकण कायम उघडं.

एरवी दर वेळी वापर झाल्यावर जाळी घासणं आणि ट्रेकडे नजर टाकणं पुरे. स्टीलच्या बाहेरच्या भागाला ब्लीच किंवा लोखंडी काथ्या लावू नका. ग्रिल भिंतीपासून दहा फूट लांब असावं. टाकी घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही नाही, बाहेर आणि उभीच. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. टाकीत किती उरलंय हे बघायला तिच्या एका बाजूवर गरम पाणी ओता आणि वरून खाली हात फिरवा. जिथून पत्रा गार लागायला लागतो, तिथपर्यंत गॅस आहे.