ऑटोमॅटिक गाडी गिअर उतरवताना गचके देत असेल तर दोष कसा शोधावा

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना किंवा शिनोळीवरून आंबोलीकडे जाताना ऑटोमॅटिक गाडीला वरचा गिअर सोडून खालचा गिअर वारंवार घ्यावा लागतो, आणि म्हणून गिअरबॉक्समधील लहानसा दोषही आपल्या भागात लवकर उघडा पडतो. वळणाआधी वेग कमी होताच मागून कुणी ढकलल्यासारखा गचका बसू लागला की अनेक गाडीमालक थेट गिअरबॉक्स उतरवण्याच्या तयारीने गॅरेज गाठतात. गचका नेमका केव्हा, कोणत्या गिअरवर आणि किती गरम अवस्थेत येतो हे लिहून काढल्याखेरीज गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे हे माहितीपुस्तिकेत पाहावे. लहान गाड्यांतील एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम त्यात यंत्रणा करते. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटणे ही त्याची रचना आहे, मात्र हे हिसके पूर्वीपेक्षा वाढले असतील तर क्लचची झीज आणि क्लच चालवणारी यंत्रणा तपासावी लागते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात, दोन पुल्या आणि एक पट्टा असतो. ड्युअल क्लचची गोष्ट आणखी वेगळी. पुढील विवेचन टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग, असलेल्या गिअरबॉक्सविषयी आहे.

आता गाडी घेऊन रहदारी कमी असलेल्या सरळ रस्त्यावर जावे, शेजारी लिहून घेणारा माणूस असावा. सकाळी थंड इंजिनावर एकदा आणि अर्धा-पाऊण तास चालवल्यावर पुन्हा एकदा तीच चाचणी करावी. पाय पूर्ण उचलून गाडी आपोआप मंद होऊ द्यावी, नंतर हलका ब्रेक लावून थांबवावी, शेवटी चढावर ॲक्सिलरेटर एकदम दाबून गिअर खाली उतरवण्यास भाग पाडावे. गचका फक्त थंड असताना येऊन नंतर नाहीसा होत असेल तर जुने झालेले ऑइल किंवा कडक झालेली सील यांचा संशय येतो. उलट गाडी तापल्यावरच येत असेल तर पातळ झालेल्या ऑइलमुळे किंवा व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) झिजेमुळे आतला दाब गळत असण्याची शक्यता अधिक. ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचे फेरे आधी उगाच वाढतात आणि मग धक्क्याने गिअर बसतो, तेव्हा आतील क्लच घसरत असतो. थांबण्याच्या क्षणी इंजिन थरथरून बंद पडू पाहत असेल, मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवल्यासारखे, तर टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) वेळेवर सुटत नाही असे समजावे. घाट उतरताना ब्रेक लावल्यावर गाडीने स्वतःहून खालचा गिअर धरणे आणि इंजिनाचा आवाज चढणे मात्र दोष मानू नये. अनेक गाड्यांचे नियंत्रण उतारावर मुद्दाम तसे करते.

गिअरबॉक्सबाहेरची कारणे यानंतर पाहावीत, कारण ती स्वस्तात सुटतात. इंजिनाचे माउंटिंग फाटले असेल तर सौम्य गिअरबदलही दणका देतो. हँडब्रेक आणि पायब्रेक घट्ट लावून डी आणि आर यांच्यामध्ये गिअर बदलताना इंजिन किती हेलकावते ते दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. थ्रॉटल बॉडीत काजळी साचून आयडलिंगचे फेरे चढलेले असणे, ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटमधील खेळ, सैल बॅटरी टर्मिनल किंवा गंजलेली अर्थिंग, यांपैकी काहीही पुरेसे असते.

ऑइलची तपासणी मात्र घाईने उरकू नये. डिपस्टिक असलेल्या बऱ्याच गाड्यांत ऑइल तापलेले, गाडी सपाटीवर आणि इंजिन चालू असावे लागते, तर काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पातळी मोजायची असते. त्यामुळे पुस्तिकेतील पद्धतच प्रमाण मानावी. डिपस्टिक नसल्यास पातळी खालच्या प्लगमधून तपासतात, आणि अनेक गिअरबॉक्ससाठी त्या वेळी ऑइलचे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असावे लागते. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या उपकरणावर, तापमान न पाहता प्लग उघडणाऱ्या मेस्त्रींना तेथेच थांबवावे. ऑइल कमी असेल तर दाब पडतो; जास्त भरले तर फेस होऊन दाब तसाच पडतो. काळपट रंग आणि जळका वास ही क्लच जळाल्याची खूण, चकाकणारे धातूचे कण त्याहून गंभीर. ऑइल दुधाळ गुलाबी दिसले तर त्यात पाणी किंवा रेडिएटरमधील कूलंट मिसळले आहे. २०१९च्या महापुरासारख्या वेळी कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा यांच्या काठी पाण्यात उभी राहिलेली गाडी विकत घेत असाल तर ही खूण आवर्जून पाहावी, कारण गिअरबॉक्सच्या हवा सुटण्याच्या नळीतून पाणी आत जाते. अशी गाडी चालवत न नेता ओढून न्यावी. ऑइल बदलताना कंपनीने सांगितलेलाच प्रकार वापरावा, आणि एकदा प्लग काढल्याने बरेचसे जुने ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर स्कॅनर. गिअरबॉक्सचे नियंत्रण वाचू शकणारा स्कॅनर असलेले गॅरेज निवडावे, केवळ इंजिनाचे कोड दाखवणारे उपकरण पुरत नाही. पी ०७०० हा कोड इतकेच सांगतो की गिअरबॉक्सच्या नियंत्रणात दोष नोंदला आहे. खरे कारण त्यासोबतच्या कोडमध्ये असते. पी ०७१५ आणि पी ०७२० हे अनुक्रमे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगसंवेदकांचे, पी ०७३० चुकीच्या गिअर गुणोत्तराचा, पी ०७४१ लॉकअप क्लचचा, आणि पी ०७५० शिफ्ट सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या झडपेचा. संवेदकाचा कोड आला म्हणून लगेच संवेदक बदलू नये. आधी कनेक्टरमध्ये ओल, गंज किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर आहे का ते पाहावे. उसाच्या फडाजवळ गाडी उभी राहत असेल तर हे विशेष गरजेचे.

कोड नाही, ऑइल ठीक आहे आणि तरी गचका तापल्यावर एकाच गिअरवर येतो, तेव्हा सोलेनॉइडचा रोध मोजून आणि गेज लावून दाब तपासून मगच व्हॉल्व्ह बॉडीचा निर्णय घ्यावा. दाब योग्य असूनही क्लच घसरत असेल तरच गिअरबॉक्स उतरवावा. ऑइल किंवा सोलेनॉइड बदलल्यावर स्कॅनरने जुने अनुकूलन (नियंत्रकाने शिकून साठवलेल्या नोंदी) पुसून नव्याने शिकवण्याची प्रक्रिया करून घ्यावी, कारण नियंत्रकाने जुन्या झिजेनुसार ठरवलेला दाब नव्या भागांवर लागू राहिला तर दुरुस्ती नीट होऊनही काही दिवस गचके येतात. ही प्रक्रिया झाल्यावर शहरातील थांबत-चालत रहदारी आणि वंटमुरी घाटाचा चढ अशा दोन्ही ठिकाणी गाडी हलक्या पायाने चालवावी, आणि आधी लिहिलेल्या चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा करून नोंदी ताडून पाहाव्यात.